मैलांचा जमाखर्च : इकॉनॉमीतून प्रवास करणाऱ्या डॉक्टरसाठी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डॉक्टरांच्या घरी विमानप्रवास हा आता अप्रूपाचा विषय राहिलेला नाही. मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तोपर्यंत पेडण्याच्या माणसाला विमान गाठायचे म्हणजे कोलवाळ, मांडवी आणि झुवारी असे तीन पूल ओलांडून दाबोळी गाठावी लागे. विमानतळ जवळ आला. तिकिटाचा दर मात्र होता तेथेच राहिला. म्हणूनच विमान कंपन्यांच्या मैलांच्या योजनांविषयी अलीकडे अनेक व्यवसायबंधू विचारू लागले आहेत. या विषयाची थोडी आवड असल्यामुळे माझे विचार येथे मांडतो.

या योजना मुळात कोणासाठी निघाल्या, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली ‘अॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला. तिच्या केंद्रस्थानी होता तो कंपनीच्या कामासाठी दर आठवड्याला उडणारा मनुष्य. तिकिटाचे पैसे मालक देणार आणि मैल मात्र नोकराच्या खात्यात जमा होणार, ही त्यातली खुबी. आपली गोष्ट वेगळी आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून औषध कंपन्यांकडून प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना मनाई केली, आणि ते योग्यच झाले. तेव्हा परिषदेला जायचे असो वा लेकीकडे, तिकीट आपल्याच खिशातून येते आणि ते बहुधा इकॉनॉमीचे असते. दुसऱ्याच्या पैशाने उडणाऱ्यासाठी आखलेला खेळ स्वतःच्या पैशाने खेळताना नियम अधिक बारकाईने वाचावे लागतात.

पूर्वी जितके अंतर, तितके मैल असा सरळ हिशेब असे. हळूहळू कंपन्यांनी अंतराऐवजी भाडे मोजायला आरंभ केला. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये हा बदल केला. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये खर्च केलेल्या रुपयांवर गुण देण्याची पद्धत स्वीकारली. इंडिगोने त्याच वर्षी जाहीर केलेली ‘ब्लूचिप’ योजनाही भाड्यावरच चालते. स्वस्त तिकीट शोधणाऱ्याला अर्थातच थोडे गुण मिळतात. अंतर मोजणाऱ्या योजनांतही एक खाच आहे. प्रत्येक तिकिटावर भाड्याचा वर्ग दाखवणारे एक अक्षर असते. सर्वांत स्वस्त वर्गाला, विशेषतः भागीदार कंपनीच्या विमानात, अंतराचा केवळ एखादा अंश आणि कधी शून्यही मिळते. जाहिरातीतील मैलांपेक्षा हे अक्षर पाहावे.

पण मिळकत ही अर्धीच बाजू झाली. माझ्या मते आपल्यासारख्यांनी योजना निवडावी ती मैल खर्च कसे होतात हे पाहून. आणि याचे कारण आपल्या व्यवसायातच आहे.

‘मुलाला बोलावून घ्या’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारले आहे. गतवर्षी पावसाळ्यात साळ गावातील एका वृद्धेच्या बाबतीत ते मला उच्चारावे लागले. मुलगा आखातात, हाती अवधी दोन-तीन दिवसांचा. तो आला, आईशी बोलला. तिकिटासाठी मात्र त्याला मित्रांकडून उसनवारी करावी लागली. अकरा वर्षे तो वर्षातून दोनदा ये-जा करत होता आणि एकाही तिकिटावर त्याने सभासद क्रमांक घातलेला नव्हता, कारण आपल्यासारख्याला त्याचा काय उपयोग, असे त्याला वाटे. मैल खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते नेमके अशा वेळी.

कसे, ते आकड्यांत पाहू. समजा, एका मार्गाच्या तिकिटाला १२,५०० मैल आणि शिवाय कर व अधिभार म्हणून ८,००० रुपये द्यावे लागतात. एरवी तेच तिकीट १८,००० रुपयांना मिळत असेल, तर भाड्यातून ८,००० वजा करून उरलेल्या रकमेला मैलांनी भागावे. एका मैलाचे मोल ८० पैसे येते. उद्याच निघायचे असल्याने भाडे ४८,००० झाले, तर त्याच मैलाचे मोल ३ रुपये २० पैसे होते. मात्र हे साधते ते तिकिटाचे मैल ठरावीक तक्त्यानुसार घेणाऱ्या योजनांत, आणि तशी जागा शिल्लक असेल तरच. भाडे वाढले की मैलांची मागणीही वाढवणाऱ्या योजनेत हा लाभ मिळत नाही. ज्यांची मुले दूरदेशी आहेत आणि आईवडील गावी आहेत, त्यांनी तक्त्याची योजना पाहावी. एकाच्या खात्यातून दुसऱ्याचे तिकीट काढता येते का, कुटुंबाचे मैल एकत्र करता येतात का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

मैल साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्यांनाही औषधांसारखी मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल साधारणतः तीन वर्षांनी बाद होतात, मग प्रवास चालू असो वा नसो. कतार एअरवेजने २०२२ मध्ये स्वीकारलेले ‘एव्हियोस’ मात्र ३६ महिन्यांत खात्यावर एखादी उलाढाल झाली तरी टिकतात. दोन वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्याला हा फरक मोठा आहे. शिवाय कंपन्यांचेही आयुष्य असते. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली आणि ‘किंग क्लब’चे मैल कागदावरच राहिले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ‘इंटरमाइल्स’ या नावाने तगली, पण त्या मैलांवर जेटचे विमान काही मिळणार नव्हते. विस्ताराचे गुण नोव्हेंबर २०२४ मधील विलीनीकरणात एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये एकास एक वळते झाले. प्रत्येक वेळी असे सुदैव लाभेलच असे नाही.

आता आपल्या भागापुरते बोलतो. एखाद्या थेट विमानावर भिस्त ठेवू नये. मोपा ते लंडन गॅटविक ही एअर इंडियाची सेवा जुलै २०२३ मध्ये मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये स्थगित झाली. त्यापेक्षा अनेक कंपन्यांची मोट असलेला संघ पाहावा. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) हे तीन प्रमुख संघ. एका कंपनीच्या खात्यातील मैल संघातील दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. जून २०२४ मध्ये दाबोळीहून मोपाला आलेली कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे, आणि मस्कतची ओमान एअरही २०२५ मध्ये त्याच संघात दाखल झाली. माझी मुलगी ब्रिटनमध्ये असल्याने मी एव्हियोसचे खाते ठेवले आहे, कारण ते कतार आणि ब्रिटिश एअरवेज यांच्यात परस्पर फिरवता येतात. ज्यांचे नातलग अमेरिकेत किंवा सिंगापुरात आहेत, त्यांना कदाचित स्टार अलायन्स सोयीचा पडेल. देशांतर्गत प्रवासात मी वेळ आणि भाडे पाहून तिकीट काढतो. पाचशे रुपये जास्त देऊन तीस रुपयांचे गुण मिळवणे हा व्यवहार नव्हे.

चांदी-सोन्याच्या पायऱ्या आणि आलिशान विश्रामकक्ष यांच्या मागे वर्षाला दोन-तीनदा उडणाऱ्याने धावू नये. आपल्या मंडळींना खरे तर विश्रामकक्षापेक्षा दहा किलो जादा सामान हवे असते. कोकमाचे आगळ, काजू आणि फणसाचे पापड लेकीच्या घरी पोहोचले पाहिजेत ना!

दोन बारीक सूचना. मैलांवरील जागा शोधताना दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आणि मोपाचा ‘जीओएक्स’ असे दोन्ही घालून पाहावेत. एकाच संकेताखाली शोधल्यास जागा नाही असे उत्तर येऊ शकते. आणि सभासद क्रमांक तिकीट काढतानाच नोंदवावा. राहिलाच, तर ठरावीक मुदतीत मागाहूनही मैल मागता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास लागतो. आमच्या घरी ते मैल जमा होईपर्यंत पासपोर्टच्या फायलीत ठेवलेले असतात.