जबड्यामागची वंशावळ

‘ब्लेड २’ (२००२) हा चित्रपट नुसती मारधाड म्हणून बाजूला सारला जातो. मला मात्र त्यातला शवविच्छेदनाचा प्रसंग कळीचा वाटतो. दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो तिथे मेलेला ‘रीपर’ टेबलावर उघडून दाखवतो. हनुवटी मधोमध फाटून उलगडणारा जबडा, हृदयाभोवती हाडाचं कवच. लसूण आणि चांदी निरुपयोगी. मारक उरतो तो सूर्यप्रकाश. उमरावी थाटाचा, देखणा ड्रॅक्युला इथे संपतो. उरते ती निव्वळ भूक.

ही भूक व्हॅम्पायरांनाही सोडत नाही. म्हणून तर ब्लेडला मारण्यासाठी घडवलेली त्यांची तुकडी त्याच्याच हाताखाली काम करते! आणि ब्लेड तरी कोण? गरोदर आईला व्हॅम्पायर चावला, म्हणून अर्धा त्यांच्यातलाच. मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांनी १९७३ मध्ये कॉमिकसाठी हे पात्र निर्माण केलं; पण शिकारी आणि सावज यांतलं अंतर या दुसऱ्या भागाइतकं क्वचितच पुसट झालं असेल.

पहिला रीपर नोमाक हा व्हॅम्पायरांचा अधिपती दमास्किनोस याचाच मुलगा. वंशातली वैगुण्यं काढून टाकण्याच्या प्रयोगातून तो घडला आणि बापानेच त्याला टाकला. साथीच्या गोष्टीखाली दडलेली ही घरची गोष्ट आहे. नोमाक बापाला मारतो, बहीण निसाला चावतो. शेवटी ब्लेडची तलवार बरगडीत शिरते, तेव्हा ती आणखी आत तो स्वतःच ढकलतो.