ब्रूस कुणाचा राजा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पाचवीत होतो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. एबीसीडी गिरवून झाली आणि एके दिवशी गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. एक राजा लढाईत पुन्हा पुन्हा हरतो आणि गुहेत लपून बसतो. तिथं त्याला एक कोळी दिसतो. जाळं विणताना कोळी पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो, शेवटी त्याचा धागा चिकटतो. राजा उठतो आणि पुढची लढाई जिंकतो. गुरुजी म्हणाले, "हा इंग्लंडचा राजा ब्रूस." आम्ही वहीत लिहून घेतलं.

पुढं कॉलेजात पुस्तकं चाळताना कळलं, की ब्रूस इंग्लंडचा नव्हताच. तो स्कॉटलंडचा राजा. १३०६ मध्ये गादीवर बसला आणि १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत त्यानं इंग्लंडच्याच राजाचा पराभव केला. ज्यांच्याशी तो आयुष्यभर भांडला, त्यांच्याच माळेत आम्ही त्याला ओवून टाकलं होतं. उद्या कुणी तानाजीला मोगलांचा सरदार म्हणावं, तशातला हा प्रकार. कोळ्याची गोष्टही तशी दंतकथाच. ती घरोघरी पोचवली वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकानं, ब्रूसनंतर पाचशे वर्षांनी.

यात एकट्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेनंच गोऱ्या साहेबाला सरसकट 'इंग्रज' म्हणायचं ठरवलं. एल्फिन्स्टन इंग्रज, माल्कम इंग्रज, ग्रँट डफ इंग्रज! वास्तविक हे तिघंही स्कॉटलंडचे. १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला एल्फिन्स्टन डंबार्टनचा. त्याच्या जागी आलेला जॉन माल्कमही तिकडचाच. मराठ्यांचा तीन खंडांतला इतिहास लिहून तो १८२६ मध्ये छापणारा ग्रँट डफ बॅन्फ गावचा. मुंबईतलं विल्सन कॉलेज ज्याच्या नावानं आहे तो जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी, आणि माहीमच्या बॉम्बे स्कॉटिश शाळेच्या तर नावातच स्कॉटलंड आहे.

सास्तूरला माझ्याकडे संध्याकाळी सात-आठ पोरं इंग्रजी शिकायला येतात. त्यांचा हमखास प्रश्न असतो : सर, इंग्लंड, ब्रिटन आणि यूके एकच का? एकच नव्हे. ग्रेट ब्रिटन हे बेट. त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे तीन देश. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंगडम. स्कॉटलंड आकारानं आपल्या मराठवाड्याहून थोडा मोठा, पण माणसं अवघी पंचावन्न लाखांच्या आसपास. १६०३ मध्ये तिथला राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला. दोन राज्यांचा राजा एक झाला, राज्यं मात्र वेगळीच राहिली. १७०७ मध्ये दोन्ही पार्लमेंटं एक झाली, म्हणजे स्कॉटलंडचं पार्लमेंट गेलं. कायदा, चर्च आणि शाळा तेवढ्या त्यांच्या त्यांच्याकडे राहिल्या. मराठवाड्याच्या माणसाला विलीनीकरण हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कुणाला ते लाभाचं वाटलं, कुणाला सौद्याचं. तिथं हा वाद अजून संपलेला नाही. १९९९ मध्ये एडिंबरोत पुन्हा पार्लमेंट भरलं. २०१४ च्या सप्टेंबरात स्वतंत्र व्हायचं का यावर मतदान झालं, तेव्हा पंचावन्न टक्के लोक 'नको' म्हणाले.

राज्य नसलेल्या देशाला ओळख टिकवायची तर खुणांचा आधार घ्यावा लागतो. त्यातली पहिली खूण, जिला माझी पोरं खदखदून हसतात, ती म्हणजे किल्ट, पुरुषांचा घागरा! मी त्यांना म्हणतो, माझे अब्बा जन्मभर चौकडीची लुंगी नेसले, तेव्हा कुणी हसलं नाही. टार्टन म्हणजे तसंच चौकडीचं कापड, फक्त लोकरीचं. क्लॅन म्हणजे भावकी. आडनावातलं 'मॅक' म्हणजे मुलगा, आमच्या अरबी नावांत 'इब्न' येतं तसं.

या कपड्यावर एके काळी बंदी होती. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर डोंगरी भागातल्या बंडखोरांचा पाडाव झाला. त्याच वर्षी कायदा झाला, की हायलँडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी हा पोशाख घालायचा नाही. घातला तर तुरुंग. सूट एकालाच, सरकारच्या फौजेत भरती झालेल्याला. बापजाद्यांचा कपडा अंगावर घालायचा तर त्याच राजाची बंदूक खांद्यावर घ्या, असा तो हिशेब. हा कायदा १७८२ पर्यंत टिकला. म्हणजे आपला एल्फिन्स्टन जन्मला तेव्हा, १७७९ मध्ये, तो जारी होता. मात्र एवढ्यावरून या साहेबांविषयी उमाळा येण्याचं कारण नाही. पेशवाई बुडवण्यात आणि नंतर राज्य करण्यात ते इंग्रजांच्या बरोबरीनं होते. ज्याचं काही हिरावलं गेलंय तो दुसऱ्याचं हिरावणार नाही, असा नियम इतिहासात कुठं दिसत नाही.

पुढची गंमत अशी, की बंदी उठल्यावर चाळीस वर्षांनी, १८२२ मध्ये, लंडनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तो स्वतःच किल्ट घालून! हा सगळा थाट मांडला होता कोळ्याची गोष्ट सांगणाऱ्या त्याच वॉल्टर स्कॉटनं. अमुक भावकीचा अमुकच टार्टन ही वाटणीही बरीचशी त्याच सुमाराची. प्राचीन म्हणून मिरवलेली परंपरा अशी नवी निघते. पण म्हणून ती खोटी ठरत नाही, असं मला वाटतं. आपल्या सत्कारांतला तयार फेटा तरी किती जुना आहे? (हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर याच स्कॉटची छाया आहे. तेव्हा आपणही त्याचे थोडे देणेकरी आहोत.)

बॅगपाइपची गोष्टही फौजेतूनच पुढं आली. सनईवाल्याच्या शेजारी एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो ना? बॅगपाइपमध्ये सनई आणि तो सूर एकाच माणसाकडे असतात. काखेतल्या पिशवीत हवा भरलेली, त्यामुळं वाजवणाऱ्यानं श्वास घेतला तरी सूर तुटत नाही. ब्रिटिश फौजेबरोबर हे वाद्य इथं आलं आणि भारतीय लष्कराच्या कितीतरी पलटणींत आजही वाजतं. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएचं दीक्षान्त संचलन होतं, तिथं छात्र शेवटचं पाऊल टाकत बाहेर पडतात ते एका स्कॉटिश गाण्याच्या चालीवर. ते शब्द रॉबर्ट बर्न्स या कवीनं लिहून ठेवले. याच चालीवर रवींद्रनाथ ठाकुरांनीही एक बंगाली गाणं बांधलं.

काही खुणा नुसत्या सांगून पुढं जातो. निळ्या झेंड्यावरची पांढरी फुली हा संत अँड्र्यूचा क्रूस. ब्रिटनच्या झेंड्यात खालच्या थरावर दिसते ती हीच. राष्ट्रीय प्राणी एकशिंगी घोडा. असा प्राणीच नसतो, असं पोरं म्हणतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ तरी कुणी पाहिलाय? राष्ट्रीय फूल मात्र मला जवळचं वाटतं : थिसल, एक काटेरी जांभळं फूल. आपल्या माळरानावरची उंटकटारी त्याच कुळातली. रात्री अनवाणी चालून आलेल्या शत्रूचा पाय त्या काट्यावर पडला, तो ओरडला आणि पहारेकरी जागे झाले, अशी दंतकथा आहे. कमळ, गुलाब सोडून काट्याला फूल मानणारा मुलूख दुष्काळी भागाच्या माणसाला परका कसा वाटेल?

एक दगडही आहे. त्यांचे राजे ज्यावर बसून राज्याभिषेक करून घेत, असा साधा वाळूचा दगड, वजन सुमारे दीडशे किलो. १२९६ मध्ये इंग्लंडच्या राजानं तो उचलून लंडनला नेला आणि आपल्या सिंहासनाखाली बसवला. १९५० च्या नाताळच्या पहाटे चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवला. ओढताना त्याचे दोन तुकडे झाले. काही महिन्यांनी तो पुन्हा लंडनला गेला. सरकारनं तो स्कॉटलंडला परत दिला १९९६ मध्ये, बरोबर सातशे वर्षांनी. आता तो पर्थच्या संग्रहालयात आहे. आमच्या गावात दगडाविषयी कुणी असं प्रेमानं बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली आणि माळवदाखाली. तरीही, पडलेल्या घराच्या उंबऱ्याचा दगड नव्या घराच्या दाराशी आणून ठेवणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्या विद्यार्थ्यांना मी त्यांच्यावरून ओळखतो.

खरी खूण मात्र भाषा. तिथं दोन देशी भाषा आहेत. डोंगरी भागातली गेलिक इंग्रजीहून अगदी निराळी. 'स्लोगन' हा आपल्या तोंडी रुळलेला शब्द तिचा. मूळ अर्थ रणघोषणा. 'ट्राउझर'ही तिथूनच आलेला. दुसरी भाषा स्कॉट्स, आणि माझा जीव गुंतलाय तो तिच्यात. ती इंग्रजीची सख्खी बहीण. एके काळी स्कॉटलंडच्या दरबाराची आणि कायद्याची भाषा. राजा लंडनला गेला आणि ती 'बिघडलेली इंग्रजी' ठरली. शिकलेल्यांना तिची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञानंही लिहिताना टाळायच्या स्कॉटिश शब्दांची यादी छापली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली बोली आठवली. आम्ही घरात दख्खनी बोलतो. 'हौ' आणि 'नक्को'वरून लोक आमची टिंगल करतात. तो 'नक्को' मराठीतल्या 'नको'चाच भाऊ, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्याच जिल्ह्यात नळदुर्गचा पाणीमहाल ज्याच्या काळात बांधला गेला, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं दख्खनीत 'किताब-ए-नौरस' लिहिलं. राज्यं गेली, आणि दरबाराची बोली 'बिघडलेली उर्दू' झाली. एका मुशायऱ्यात मी दख्खनी नज्म वाचली, तर एक बुजुर्ग हसून म्हणाले, "मियाँ, ये कौनसी उर्दू है?" आणि मराठी संमेलनात कविता वाचून खाली उतरलो, तर एक सद्गृहस्थ प्रेमानं म्हणाले, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" त्यांचा हेतू चांगला होता. पण मराठी माझं आहे, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रॉबर्ट बर्न्स १७५९ मध्ये एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि स्वतः नांगर धरून मोठा झाला. शिकलेले लोक शब्द गाळत होते, तेव्हा त्यानं घरच्या स्कॉट्समध्ये कविता केल्या. १७८६ मध्ये पहिलं पुस्तक निघालं आणि दहा वर्षांत, सदतिसाव्या वर्षी, तो गेलाही. त्याला इंग्रजी उत्तम येत होतं, त्यातही त्यानं लिहिलं. एक भाषा घ्यायची तर दुसरी टाकायची, असं त्यानं मानलं नाही. १९९९ मध्ये नवं पार्लमेंट उघडलं त्या दिवशी सभागृहात गाणं झालं ते त्याचंच, माणसामाणसांच्या समतेचं.

त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, तिकडे घरोघरी जेवणं होतात, कविता म्हटल्या जातात. पानात असतं हॅगिस. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, ओटचं पीठ घालून पोटाच्या पिशवीत शिजवलेलं. ऐकून पोरांनी नाकं मुरडली. मी विचारलं, "बकरी ईदला बोटी कोण मागतं रे? आणि जत्रेत वजडी कोण खातं?" सगळी गप्प.

आपल्याकडे २५ जानेवारीला शाळेत दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची तालीम असते. ती संपली की पोरं माझ्याकडे येतील. यंदा मी त्यांना कोळ्याची गोष्ट नव्यानं सांगायची म्हणतोय, राजाचं गाव दुरुस्त करून, आणि मग बर्न्सची. मराठीतून सांगू की दख्खनीतून, असं विचारलं तर एक जण म्हणाला, "सर, इंग्रजीतून सांगा ना, त्यासाठीच तर येतो आम्ही!"