रीलमधलं फ्रोझन योगर्ट घरी दगडासारखं का होतं? उत्तर श्रीखंडाच्या फडक्यात आहे

दही, फळं आणि थोडा मध. सगळं मिक्सरमधून फिरवा, डब्यात ओता, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी फ्रोझन योगर्ट तयार!

अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये हे इतकं सोपं दिसतं. प्रत्यक्षात मात्र डबा उघडल्यावर अनेकांच्या हाती लागतो तो बर्फाचा आंबटसर ठोकळा. चमचा आत जात नाही, आणि तुकडा निघालाच तर दाताखाली बर्फ कचकचतो. घरी आठ-दहा माणसं येणार असतील तर एक किलो दही आणि तेवढीच महागाची फळं वाया जातात, ती वेगळीच.

गंमत अशी की, या अडचणीवरचा उपाय मराठी घरांमध्ये आधीपासूनच आहे. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला गिरगाव-दादरच्या दुकानांसमोर ज्यासाठी रांग लागते, त्या श्रीखंडात तो दडलेला आहे.

दही गोठल्यावर दगडासारखं का होतं?

दह्याच्या वजनात 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते फ्रीजरमध्ये गेलं की त्याचे बर्फाचे स्फटिक बनतात. घरच्या फ्रीजरमध्ये गोठण्याची क्रिया सावकाश होते, त्यामुळे स्फटिकांना वाढायला भरपूर वेळ मिळतो. हे स्फटिक साधारण 50 मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की जिभेला ते रवाळ लागतात.

आइस्क्रीममध्ये हे तीन गोष्टींमुळे टळतं. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून सगळं पाणी एकदम गोठत नाही. दुधातल्या स्निग्धांशामुळे मऊपणा येतो. आणि गोठत असताना मिश्रण सतत ढवळलं जातं, त्यामुळे स्फटिक मोठे होत नाहीत आणि आत हवाही मिसळते.

रीलमधल्या रेसिपीत यातलं काहीच नसतं. दही बरेचदा 'लो फॅट', साखर जवळपास नाही आणि ढवळायचा तर उल्लेखही नाही. वर पाणीदार फळं. मग बर्फाचा ठोकळा होणार नाही तर काय?

मुंबईला हे तंत्र नवं आहे का?

अजिबात नाही. 1834 मध्ये अमेरिकेतून जहाजानं आलेला बर्फ मुंबईत पोहोचला. त्यानंतर जमशेटजी जिजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा जुन्या मुंबईच्या इतिहासात सांगितला जातो.

भेंडीबाजाराजवळच्या बोहरी मोहल्ल्यातलं 'ताज आइस्क्रीम' 1887 पासून हातानं फिरवलेल्या फळांच्या आइस्क्रीमसाठी ओळखलं जातं. भांड्याभोवती बर्फ आणि मीठ भरायचं, आतलं मिश्रण फिरवत राहायचं, एवढंच ते तंत्र. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि सतत फिरवल्यानं स्फटिक बारीक राहतात.

फ्रोझन योगर्ट हा प्रकार दुकानांमधून लोकप्रिय झाला तो 1970 च्या दशकातल्या अमेरिकेत. पण दह्यातलं पाणी काढून ते गोड करायची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांमधली 'शिखरिणी' ही श्रीखंडाचीच पूर्वज मानली जाते.

मग श्रीखंडाचा उपाय काय?

दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी गळून जातं आणि चक्का उरतो. एक किलो घट्ट सायीच्या दह्यातून अर्ध्या किलोच्या आसपास चक्का मिळतो. म्हणजे ज्याचा बर्फ होणार होता, त्यातलं अर्ध्याहून जास्त पाणी आधीच बाहेर गेलेलं असतं. उरलेल्या चक्क्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दाट असतात, त्यामुळे गोठल्यावरही तो मऊ राहतो.

एका अर्थानं चांगलं फ्रोझन योगर्ट म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवलेलं, जरा कमी गोड फळांचं श्रीखंड. आम्रखंड करता येणाऱ्या कुणालाही ते जमेल.

दही टांगायला वेळ नसेल तर डेअरीतून तयार चक्का आणता येतो. फक्त तो ताजा आहे ना आणि फार आंबट नाही ना, हे विचारून घ्या.

वाटून खायचं असेल तर वड्याच का?

कडक गोळे काढण्यासाठी स्कूप लागतो, आणि पाहुणे येईपर्यंत पहिल्या वाटीतलं वितळायला लागतं. त्यापेक्षा थाळीत पातळ थर लावून वड्या पाडणं सोपं. पातळ थर लवकर गोठतो, म्हणून स्फटिकही लहान राहतात. वड्या मोजून देता येतात आणि भांडीही कमी लागतात. लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीच्या घरात, सिंगल-डोअर फ्रिजच्या छोट्या फ्रीजरमध्येही एक थाळी मावते.

साहित्य (साधारण 20 वड्या)

- सायीचं घट्ट, ताजं दही: 1 किलो
- फळाचा घट्ट गर: 350 ग्रॅम
- साखर: 150 ग्रॅम (हापूसचा गर गोड असेल तर 120 ग्रॅम)
- दुधाची साय किंवा फ्रेश क्रीम: 4 मोठे चमचे
- मीठ: चिमूटभर
- वेलची पूड, पिस्त्याचे काप, फळांचे छोटे तुकडे: वरून पेरण्यासाठी

कृती

1. दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधा, पुरचुंडी चाळणीत ठेवा, खाली पातेलं ठेवा आणि सगळं 6 ते 8 तास फ्रिजमध्ये राहू द्या. मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर दही फार आंबट होतं.
2. चक्क्यात साखर आणि मीठ घालून अर्धा तास ठेवा. साखर विरघळली की मिश्रण पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा.
3. फळाचा गर आणि साय घालून एकजीव करा. मिक्सरमध्ये जास्त फिरवू नका, मिश्रण पातळ होतं.
4. मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पाऊण तासानं कडा गोठायला लागल्या की काट्यानं मोडून चांगलं फेटा. असं तीनदा करा. पॉट फिरवण्याचं काम इथे हे फेटणं करतं.
5. शेवटी बटर पेपर घातलेल्या थाळीत बोटभर जाडीचा थर पसरवा, वर फळांचे तुकडे आणि पिस्ते पेरा, झाकण ठेवून 3 ते 4 तास गोठवा.
6. वाढण्याआधी 5 ते 10 मिनिटं बाहेर काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वड्या पाडा.

गळलेलं पाणी फेकू नका. कणीक मळायला किंवा कढीत ते उत्तम चालतं.

कोणती फळं चालतात?

हापूस सगळ्यात सोपा. गर मुळातच घट्ट आणि गोड असतो. डहाणू-घोलवडचा चिकूही तसाच, फक्त पिकलेला हवा. सीताफळाचा गर बिया काढून थेट घालता येतो. केळं स्वस्त आणि बाराही महिने मिळणारं. त्याच्या गरामुळे मिश्रणाला मलईदारपणा येतो.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पाणी जास्त असतं. ती साखरेतल्या थोड्या साखरेबरोबर 8-10 मिनिटं आटवून, पूर्ण थंड करून मगच चक्क्यात घाला. कलिंगड टाळलेलंच बरं.

खरी फसगत होते ती तीन फळांनी: अननस, पपई आणि किवी. या फळांतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि मिश्रण थोड्या वेळात कडू होतं. अनेकांना वाटतं दही खराब होतं, पण दोष फळाचा असतो. अननस घालायचाच असेल तर तो साखरेत चांगला शिजवून घ्या. उष्णतेनं ही विकरं निकामी होतात.

दही आहे, म्हणजे 'हेल्दी' आहे का?

काही प्रमाणात. चक्क्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. गोठवल्यानं दह्यातले सगळे जिवाणू मरत नाहीत, बरेचसे निष्क्रिय होऊन टिकून राहतात.

पण साखर ती साखरच. वरच्या मापानं एका वडीत फळाची गोडी सोडून साधारण साडेसात ग्रॅम साखर जाते, म्हणजे जवळपास दीड चमचा. मधुमेह असलेल्यांनी दही पाहून निर्धास्त होऊ नये. साखर पूर्ण काढली तर वड्या पुन्हा दगडासारख्या होतील, त्यामुळे वडी लहान करणं हा जास्त बरा उपाय.

आणखी एक गैरसमज म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात. तसं होत नाही. वास येणारं, बुरशी धरलेलं दही गोठवून सुरक्षित होत नाही. वितळलेल्या वड्या पुन्हा गोठवून वाढू नका.

घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टी पाळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका. आणि वर पेरायला द्राक्षं वापरत असाल तर ती उभी चिरूनच घाला. गोठलेलं अख्खं द्राक्ष मुलांच्या घशात अडकू शकतं.

विकतचं घेताना काय पाहायचं?

वेष्टनावर 'आइस्क्रीम' लिहिलंय की 'फ्रोझन डेझर्ट', हे वाचा. भारतातल्या नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी वापरता येते. 'योगर्ट' नावाच्या पाकिटातही दही किती आणि साखर किती, हे मागच्या बाजूच्या यादीतच कळतं.

दुसऱ्या घरी न्यायचं असेल तर?

गिरगावातून दादरला नातेवाइकांकडे वड्या न्यायच्या तर जुन्या पॉटचं तंत्र पुन्हा कामी येतं. वड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. तो डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि भोवती बर्फाचे तुकडे व जाडं मीठ घाला. मीठ डब्यात शिरणार नाही, एवढं पाहा. नुसत्या बर्फात वड्या मऊ पडतात, मीठ-बर्फात त्या कडक राहतात.

थोडक्यात, पाणी आधी काढा, साखर अगदीच कमी करू नका, गोठताना तीनदा फेटा आणि थर पातळ ठेवा. एवढं केलं तर पाहुण्यांसमोर चमचा वाकवायची वेळ येणार नाही.