मामाची मुलगी आणि लग्नाचा कायदा

हिंदू विवाह कायदा, १९५५ हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार दोघांपैकी कुणाचेही आधीचे लग्न टिकून नसावे, संमती देण्याइतके मन सुदृढ असावे आणि वराला २१ व वधूला १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. गोंधळ होतो तो नात्याच्या दोन अटींपाशी: वधू-वर एकमेकांचे सपिंड नसावेत आणि निषिद्ध नात्यातलेही नसावेत.

सपिंड नाते मोजताना व्यक्ती स्वतः पहिली पिढी धरली जाते. तिथून आईच्या बाजूने तिसऱ्या आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत वर जायचे. या मर्यादेत दोघांचा पूर्वज एकच निघाला, की ते सपिंड. मुलगा, त्याची आई, आईचे वडील या तीन पिढ्या झाल्या. मामाची मुलगी, मामा आणि तेच आजोबा, याही तीनच. शिवाय बहीण-भावाची मुले निषिद्ध नात्यांच्या व्याख्येतही येतात. म्हणजे मामेबहिणीशी लग्न कायद्याने दोनदा अडवले आहे. सगोत्राची आडकाठी मात्र १९४६ सालच्या कायद्यानेच दूर झाली. गोत्र पाहून स्थळ नाकारणाऱ्या घरांना हे आजही सांगावे लागते.

तरीही महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्ने उघडपणे लागतात. ती वैध ठरतात, कारण दोन्ही अटींना रूढीचा अपवाद आहे. पण ‘आमच्यात चालते’ एवढे सांगून भागत नाही. रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली असावी लागते, आणि ती दोघांनाही लागू असावी लागते. ती सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. सिद्ध झाली नाही, तर लग्न मुळातच रद्दबातल ठरते. शिवाय एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवऱ्याच्या अर्जावरून असे लग्न रद्द झालेल्या एका स्त्रीने सपिंड नात्याच्या बंदीलाच आव्हान दिले होते. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. अशा लग्नातील मुलांना कलम १६ औरस मानते, ही या कायद्यातली सर्वांत माणुसकीची तरतूद.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात चुलत, मावस, आते, मामे भावंडांच्या लग्नाला बंदी नाही. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केले की नात्याची अडचण सुटते, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच्याही परिशिष्टात मामेबहीण आहे. तिथे रूढी एकाला लागू असली तरी चालते, पण राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलीच रूढी ग्राह्य धरली जाते.