दिसिक म्हणजे साखर!

दिवाळीच्या आगेमागे आपल्या दिंद्रुड-माजलगाव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता, भांडी, अंथरूण-पांघरूण ट्रॉलीत चढतं आणि बिऱ्हाड कारखान्याकडे हलतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी थेट कर्नाटकात. फार कष्टाचे महिने असतात ते. पण त्या महिन्यांत एक नवल घडतं आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. कर्नाटकात गेलेली लहान पोरं फडाशेजारच्या मुलांशी खेळता खेळता कानडी बोलायला लागतात. ना पुस्तक, ना गुरुजी, ना परीक्षा! हे जमतं कसं?

उत्तरासाठी मी तुम्हाला उसाच्याच एका बेटावर नेणार आहे. त्याचं नाव मॉरिशस. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त दूर, हिंदी महासागरात. डोडो पक्षी फक्त इथेच राहायचा. 1639 मध्ये डच लोकांनी या बेटावर ऊस आणला. पुढे 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं आणि मादागास्कर व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं गुलाम करून आणली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण तिथल्या लोकांचे रीतिरिवाज आणि कायदे तसेच राहू दिले. त्यामुळे राज्य इंग्रजांचं आणि बोलणं फ्रेंच वळणाचं, असा प्रकार झाला. आजही तिथली मोठी वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात.

गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून भारतातून जहाजं भरभरून माणसं करारावर नेली गेली, सुमारे साडेचार लाख! पोर्ट लुई बंदरात ती जिथे उतरायची, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. 2006 पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. या माणसांत आपली मराठी माणसंही होती, मुख्यतः रत्नागिरी आणि साताऱ्याकडची. त्यांच्याही हातात कोयता आणि समोर ऊस. फक्त हंगाम संपल्यावर घरी परतणं नव्हतं. बहुतेक जण तिथेच राहिले.

आता विचार करा. मळ्यात एक जण मराठी बोलतोय, दुसरा भोजपुरी, तिसरा तमीळ, चौथा तेलुगू. एकमेकांशी बोलणार कशात? बेटावर आधीपासून एक भाषा तयार होती. फ्रेंच मालक आणि गुलाम केलेली माणसं यांच्यामध्ये जन्मलेली. तिचं नाव क्रिओल. तिचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले, पण ती फ्रेंच नाही. या भाषेत साखरेला म्हणतात ‘दिसिक’.

फ्रेंचमध्ये साखर म्हणजे ‘स्युक्र’. मग पुढचा ‘दि’ कुठून आला? फ्रेंच लोक नुसतं ‘साखर’ असं क्वचितच म्हणतात. नामाच्या आधी एक चिमुकला शब्द लावतात, म्हणून ते ‘द्यु स्युक्र’ म्हणतात. ज्यांना फ्रेंच येत नव्हतं त्यांच्या कानांना हे दोन शब्द वेगळे कळलेच नाहीत. दोन्ही मिळून एकच शब्द झाला. पाऊस म्हणजे ‘ला प्लुई’, त्याचं झालं ‘लाप्ली’. समुद्र म्हणजे ‘ला मेर’, त्याचं ‘लामेर’. पाण्याचं झालं ‘दिलो’.

कारण बोलणं मुळात सलग असतं. उसाला जशी पेरं असतात, जिथे कांडं संपतं ते दिसतं, तशी बोलण्याला पेरं नसतात. कागदावर आपण दोन शब्दांत जागा सोडतो, तोंडाने सोडत नाही. शब्द कुठे तोडायचा हे कान आणि मेंदू ठरवतात.

मेंदू हे किती लहानपणी करतो माहीत आहे? 1996 मध्ये जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक सुंदर प्रयोग केला. आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी बनावट शब्दांची एक सलग माळ ऐकवली: बिडाकुपाडोटीगोलाबूबिडाकु... मध्ये कुठे थांबणं नाही, आवाजात चढउतार नाही. फक्त दोन मिनिटं. त्यानंतर बाळांना एकेक तुकडा ऐकवला. माळेतले शब्द आणि त्याच अक्षरांची उलटसुलट जुळवणी यांतला फरक बाळांना कळत होता! नवख्या तुकड्यांकडे ती जास्त वेळ कान देत होती. म्हणजे ‘बि’ नंतर नेहमी ‘डा’ येतो, पण ‘कु’ नंतर कधी एक, कधी दुसरंच अक्षर येतं, हा हिशेब त्यांच्या मेंदूने आपोआप मांडला होता. ज्यांना अजून ‘आई’ही नीट म्हणता येत नाही, त्यांनी! फडाशेजारी कानडी ऐकणारी आपली पोरंही असाच हिशेब मांडत असणार.

फ्रेंचमध्ये ‘मेर’च्या आधी बहुतेक वेळा ‘ला’ येतो. तेव्हा ऐकणाऱ्यांनी ‘लामेर’ असा एकच शब्द धरला, यात त्यांच्या कानांचं काय चुकलं? क्रिओलला मोडकंतोडकं फ्रेंच म्हणणारे लोक असतात, त्यांचं मला मुळीच पटत नाही. क्रिओलला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. ‘मो पे मांझे’ म्हणजे मी खातोय. ‘मो ती मांझे’, मी खाल्लं. ‘मो पू मांझे’, मी खाणार. क्रियापद जागचं हलत नाही, आधीचा छोटा शब्द काळ सांगतो. किती नेटकी सोय!

आणखी एक नवल ऐका. फ्रेंचमध्ये ‘पक्षी’ अनेकवचनात म्हणताना आधीचा चिमुकला शब्द आणि नाम यांच्या मध्ये ‘झ’ असा आवाज येतो. मॉरिशसमध्ये तो ‘झ’ शब्दालाच चिकटला आणि पक्षी झाला ‘झ्वाझो’. आता तिथून पार दुसऱ्या टोकाला, अमेरिका खंडाजवळच्या हैती देशात जा. तिथेही फ्रेंचांचे उसाचे मळे होते, तिथेही क्रिओल जन्मली. आणि तिथेही पक्षी म्हणजे ‘झ्वाझो’!

मॉरिशसच्या मराठी घरांत आज बहुतेक जण क्रिओलच बोलतात. पण हेन्रिएटा गावात 1896 मध्ये सुरू झालेला गणेशोत्सव आता देशभर होतो आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीचा नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. शाळांत मराठी शिकवतात आणि 2012 पासून क्रिओलही शिकवतात.

क्रिओलला शब्द पुरवणाऱ्या फ्रेंचचाही एक दिवस असतो. दर वर्षी 20 मार्चला जगभरातले फ्रेंच बोलणारे लोक आपल्या भाषेचा दिवस साजरा करतात. सेनेगल, काँगो, कॅनडातला क्वेबेक, मॉरिशस, सगळीकडे. 1970 मध्ये याच तारखेला नायजरच्या नियामे शहरात फ्रेंच बोलणाऱ्या देशांची संघटना उभी राहिली. आज तीस कोटींहून जास्त लोक फ्रेंच बोलतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत.

यंदा 20 मार्चला तुम्हीही एक प्रयोग करा. मोबाइलवर फ्रेंच बातम्या लावा, डोळे मिटा, दोन मिनिटं ऐका आणि जो आवाज पुन्हा पुन्हा आला तो वहीत देवनागरीत लिहा. तुमच्या गावात कुणी कर्नाटकातून हंगाम करून आलं असेल, तर त्याला गुरू करा आणि पाच कानडी वाक्यंही त्याच वहीत उतरवून घ्या.