तांब्याच्या पट्ट्यांची चाळणी

गच्चीवरील दूरचित्रवाणीची तबकडी आज घरोघरीं परिचयाची आहे. परंतु तिच्या मुखासमोरील लहानशा डबींत काय चालतें, याची कल्पना थोड्यांसच असते. सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाचा संदेश येथें पोहोंचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. त्याची कंपनसंख्या ११,००० मेगाहर्ट्झ आहे असें धरूं. इतकीं शीघ्र कंपनें साध्या केबलमधून घरांत आणल्यास वाटेंतच विरतात. म्हणून डबींत संदेशाचें प्रथम वर्धन करून, ९,७५० मेगाहर्ट्झच्या स्थानिक लहरीशीं त्याची सांगड घालतात व उरणारा १,२५० चा फरक खालीं पाठवितात.

येथेंच विघ्न उभें राहतें. ८,५०० मेगाहर्ट्झची परकी लहर आंत शिरली, तर तिचाही फरक नेमका १,२५० च येतो! परकी लहर नसली, तरी त्या बाजूचा नुसता गोंगाटही संदेशास बाधतो. एकदां सरमिसळ झाली कीं मग निवड करणें अशक्य. चाळणी लावावयाची ती सांगड घालण्यापूर्वींच.

हें काम ‘मायक्रोस्ट्रिप फिल्टर’ करतो. विद्युद्रोधक फळीच्या खालच्या अंगास तांब्याचा अखंड पत्रा व वरच्या अंगास तांब्याच्या अरुंद पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. ही पट्टीची पद्धत ग्रीग व एंगेलमन यांनीं अमेरिकेंत १९५२ सालीं प्रसिद्ध केली. समांतर पट्ट्यांच्या चाळणीचें गणित सेमूर कोहन यांनीं १९५८ सालीं मांडलें.

पट्टीची लांबी लहरीच्या निम्मी ठेवली, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेप्रमाणें ती आपल्याच कंपनास साद देते. शेजारची पट्टी स्पर्शावांचून तें कंपन उचलते आणि पुढच्या पट्टीस देते. इतर कंपनें मागें परततात. मधली फट अरुंद असेल तर पुष्कळ कंपनांस वाट मिळते, रुंद असेल तर थोड्यांस. पट्ट्या वाढविल्यास निवड कांटेकोर होते. परंतु प्रत्येक पट्टी संदेशाचा कांहीं अंश उष्णतेच्या रूपानें खाते. आधींच कृश असलेल्या संदेशावर हा कर किती बसवावा, हाच रचनाकाराच्या विवेकाचा प्रश्न.

दुसरी कसोटी मापाची. ११,००० मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी हवेंत सुमारें १३.६ मिलिमीटर भरते. टेफ्लॉनच्या जातीच्या फळीवर लहर मंदावते, म्हणून तेथें पट्टी साडेनऊ मिलिमीटरांच्या आसपास पुरते. शिवाय पट्टीच्या टोंकापलीकडेही विद्युत्क्षेत्र थोडें पसरतें. तेवढी ती आणखी आंखूड करावी लागते. यांत एकदशांश मिलिमीटर चूक झाली, तर चाळणीचें मुख शंभराहून अधिक मेगाहर्ट्झ सरकतें.

एकदां कोरलेल्या तांब्यास स्क्रू पिळून सुधारतां येत नाहीं. सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रांत एखादा भाग बदलतां येतो. येथें आकृति हाच भाग आहे. म्हणूनच कागदावरील गणित, संगणकावरील पडताळा आणि कोरलेल्या नमुन्याचें प्रत्यक्ष मोजमाप, या तिहींची साक्ष पटल्यावांचून जाणता रचनाकार फळी कारखान्यांत धाडीत नाहीं.