मर्यादा उठली तर घरफाळा किती?

कोल्हापुरात हद्दवाढीचा विषय निघाला की आसपासच्या गावांतून पहिला प्रश्न येतो तो घरफाळ्याचा. १९७२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे अनेक दशके हद्द तिथेच अडली. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी प्राधिकरण आले, पण घरफाळ्याची धास्ती कायम राहिली. ती रास्तच आहे.

भांडवली मूल्यावरच्या आकारणीत रेडीरेकनरचा दर, घराचे क्षेत्रफळ, वय आणि वापर मोजला जातो. जमिनीचे भाव चढले की मालकाची कमाई तीच राहूनही कर चढतो. म्हणूनच मुंबईच्या कायद्यात पाच वर्षांनी होणाऱ्या सुधारणेत वाढ ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, अशी तरतूद झाली. समजा, घरफाळा ३,००० रुपये आहे आणि नव्या हिशेबाने तो ६,५०० भरतो. मर्यादा असेल तर बिल ४,२०० वर थांबते. ती उठली तर उरलेले २,३०० रुपयेही घरमालकाच्याच माथी.

पुण्याने याचाच एक प्रकार अनुभवला. स्वतः राहत्या घराला १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत राज्य सरकारने २०१८ मध्ये रद्द केली. कागदावर ४० टक्केच गेले, पण ६० रुपयांचे बिल १०० झाले, म्हणजे वाढ जवळपास ६७ टक्के! निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यांना हा फरक फार जाचतो. नागरिकांच्या नाराजीनंतर २०२३ मध्ये सवलत परत आली.

पालिकेलाही रस्ते, पाणी, दिवाबत्तीसाठी पैसा हवाच. पण वाढ टप्प्याटप्प्याने आणि आधी सांगून व्हावी, ही घरमालकांची मागणी न्याय्य आहे.